पत्रकार-राजदूताचं खासगी दप्तर कसं वाचावं : विल्यम बुलिटच्या कागदपत्रांपासून सुरुवात

विसाव्या शतकाच्या इतिहासाची गोडी लागलेले अनेकजण छापील चरित्रांवर आणि आठवणींवर थांबतात. मूळ कागद पाहायचे तर परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा, मोठी शिष्यवृत्ती हवी, कोणाची तरी ओळख हवी, असा समज पक्का बसलेला असतो. तो आता खरा राहिलेला नाही. नागपुरात किंवा सांगलीत बसून बऱ्याच गोष्टी पाहता येतात आणि उरलेल्या रीतसर मागवता येतात. फक्त कुठून सुरुवात करायची आणि हाती आलेल्या कागदाकडे कसं पाहायचं, हे कोणीतरी सांगावं लागतं. हा लेख त्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून मी विल्यम बुलिट या अमेरिकन माणसाचं दप्तर घेतलं आहे. पत्रकार, मग राजदूत, मग जनमत घडवू पाहणारा लेखक असा त्याचा प्रवास झाला. अशा माणसाची कागदपत्रं नवशिक्यासाठी फार चांगली असतात. त्याला लिहिण्याची सवय असते, तो संवाद टिपून ठेवतो, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करतो. धोकाही तिथेच असतो, कारण चांगलं लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला सहज पटतं.

पायरी 1 : कागदांआधी माणसाची तारीखवार यादी

एक कोरी वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात ठिकाण, तिसऱ्यात त्या वेळचं काम, चौथ्यात भोवतीची माणसं. बुलिटची यादी साधारण अशी होईल.

जन्म 25 जानेवारी 1891, फिलाडेल्फिया. शिक्षण येल विद्यापीठात. मग फिलाडेल्फियाच्या 'पब्लिक लेजर' या दैनिकात नोकरी. 1915 च्या डिसेंबरात हेन्री फोर्डने महायुद्ध थांबवण्याच्या आशेने युरोपला जे 'शांतता जहाज' पाठवलं, त्यावर हा बातमीदार म्हणून होता. 1917 मध्ये तो परराष्ट्र खात्यात आला. 1919 च्या पॅरिस शांतता परिषदेत अमेरिकन शिष्टमंडळासोबत होता आणि तिथूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला रशियाला धाडण्यात आलं. लेनिनशी बोलून तो तडजोडीचा प्रस्ताव घेऊन परतला. अध्यक्ष विल्सन यांनी त्याला भेटायलाही वेळ दिला नाही. 17 मे 1919 ला त्याने राजीनामा दिला.

पुढे 1923 मध्ये त्याने लुईझ ब्रायंट हिच्याशी लग्न केलं. ती स्वतः नावाजलेली पत्रकार आणि रशियन क्रांतीवर लिहिणारा अमेरिकन पत्रकार जॉन रीड याची विधवा. 1930 मध्ये घटस्फोट. 1933 मध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला मान्यता दिली आणि बुलिट मॉस्कोतला पहिला अमेरिकन राजदूत झाला. 1936 ते 1940 फ्रान्समध्ये राजदूत. जून 1940 मध्ये फ्रेंच सरकार पॅरिस सोडून गेलं तेव्हा हा तिथेच थांबला. 1943 मध्ये फिलाडेल्फियाच्या महापौरपदाची निवडणूक हरला. 1944 मध्ये द गॉलच्या फ्रेंच सैन्यात दाखल झाला. युद्धानंतर 'लाइफ' साप्ताहिकात चीनवर आणि युद्धोत्तर तहांवर त्याने घणाघाती लेख लिहिले. 15 फेब्रुवारी 1967 ला फ्रान्समध्ये त्याचं निधन झालं.

ही यादी म्हणजे पुढच्या शोधाची किल्ली आहे. पत्रावर नुसतं 'मंगळवार' लिहिलेलं असेल, तर लेटरहेड आणि मजकुरातल्या माणसांवरून साल ठरवता येतं. पण त्या साली तो कुठे होता हे तुम्हाला माहीत असेल तरच. निदान चाळीसेक नोंदी होईपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी 2 : दप्तर कुठे आहे ते शोधा

अमेरिकेत खासगी कागदपत्रं बहुधा विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे, राज्यांच्या इतिहास संस्थांकडे किंवा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जातात. कोणाचे कागद कुठे आहेत हे पाहण्यासाठी 'स्नॅक' नावाची मोफत ऑनलाइन नोंदवही आहे. तिथे माणसाचं नाव टाकलं की त्याचे कागद कोणकोणत्या संस्थांत आहेत आणि त्याचे संबंध कोणाकोणाशी होते, हे दिसतं.

बुलिटचं मुख्य दप्तर त्याच्याच विद्यापीठात, येलच्या स्टर्लिंग मेमोरियल ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात आहे. त्याचा क्रमांक 'एमएस 112'. तो पाठच करून टाका. चौकशीचं पत्र लिहिताना, मागणी नोंदवताना आणि तळटीप देताना तो लागतोच. लुईझ ब्रायंटची कागदपत्रंही त्याच विभागात आहेत. 1919 मध्ये बुलिट ज्यांच्या छत्राखाली काम करत होता ते विल्सनचे सल्लागार कर्नल हाउस आणि त्या काळातला सर्वांत वजनदार स्तंभलेखक वॉल्टर लिपमन यांची दप्तरंही तिथेच. एका छपराखाली इतकी माणसं सापडणं हे भाग्य समजा आणि चारही नावं पहिल्याच दिवशी टिपून ठेवा.

शोधताना नावांची जुनी स्पेलिंग लक्षात ठेवा. 1919 च्या अमेरिकन कागदांत लेनिनच्या नावाशेवटी एक जादा 'ई' सापडतो आणि रशियाचा परराष्ट्रमंत्री चिचेरिन याचं नाव 'टी' पासून सुरू होतं. आजच्या स्पेलिंगने शोधलं की यंत्र काहीच दाखवत नाही आणि माणूस हताश होतो. पाच-सहा पर्याय करून पाहा.

पायरी 3 : सूची गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचा

प्रत्येक दप्तराला एक सूची असते. अभिलेखागारातली माणसं तिला 'फाइंडिंग एड' म्हणतात. येलच्या सूची सगळ्यांसाठी खुल्या आहेत. नवखा माणूस सूची उघडतो, शोधपेटीत 'लेनिन' टाकतो, दोन खोकी सापडतात आणि तो थांबतो. तसं करू नका. एक अख्खी दुपार द्या आणि सूची वरून खालपर्यंत वाचा.

आधी पाहा, कागद संस्थेकडे कसे आले. बुलिटच्या बाबतीत ते कुटुंबाकडून, मुलगी अ‍ॅन हिच्यामार्फत आले. याचा अर्थ त्यांच्यावरून घरच्या माणसांची नजर फिरलेली आहे. काय ठेवायचं, काय द्यायचं, कधी द्यायचं, हे कोणीतरी ठरवलं आहे. सरकारी दप्तरात गोष्टी नियमाने जमा होतात; खासगी दप्तरात त्या आठवणीने, मायेने, कधी रागाने जमा होतात. हे मनात ठेवूनच पुढे जा.

मग मांडणी पाहा. पत्रव्यवहार, लेखन आणि भाषणं, घरगुती कागद, फोटो आणि कात्रणं असे गट अशा दप्तरांत साधारणपणे असतात. पत्रव्यवहारात नावांचा क्रम वर्णानुक्रमे असला, तर कोणाच्या नावावर किती फोल्डर आहेत ते मोजा. एखाद्या अनोळखी नावावर चार फोल्डर आणि प्रसिद्ध नावावर एकच पत्र, हे फार बोलकं असतं. माझ्या मते नवशिक्याला सर्वांत जास्त शिकायला मिळतं ते या अनोळखी नावांतून. सचिव, सहायक, जुना वर्गमित्र, वकील यांना माणूस मोकळेपणाने लिहितो. अध्यक्षांना लिहिताना तो अंगरखा घालून बसलेला असतो.

शेवटी निर्बंध वाचा. काही फोल्डर ठराविक वर्षांपर्यंत बंद असू शकतात, काही मूळ कागद नाजूक असल्याने फक्त प्रत दाखवली जाते. स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेल्या फोल्डरच्या नोंदीशेजारीच दुवा असतो. ते आधी वाचा.

पायरी 4 : पत्रव्यवहाराचा दुसरा अर्धा शोधा

माझं सगळ्यांत आग्रहाचं सांगणं इथे आहे. खासगी दप्तर म्हणजे संभाषणाचा अर्धा भाग. माणसाच्या घरी त्याला आलेली पत्रं राहतात. त्याने पाठवलेली पत्रं ज्याला पाठवली त्याच्याकडे जातात. टंकलेखनाच्या काळात कार्बन प्रत ठेवायची पद्धत होती, म्हणून पाठवलेल्या काही पत्रांच्या प्रती घरच्या दप्तरातही मिळतात. पण कार्बन प्रतीवर शेवटच्या क्षणी हाताने केलेली दुरुस्ती नसते, सहीखाली खरडलेली ताजा कलमाची ओळ नसते आणि पत्र मिळाल्यावर वाचणाऱ्याने समासात काय लिहिलं तेही नसतं.

बुलिटच्या दप्तराचा दुसरा अर्धा कुठे कुठे आहे?

रूझवेल्टला लिहिलेली पत्रं न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथल्या रूझवेल्ट अध्यक्षीय ग्रंथालयात आहेत. अध्यक्षांच्या सचिवांच्या फायलींमध्ये देशवार विभाग आहेत. रशिया आणि फ्रान्स उघडले की बुलिट भेटतो. या फायली स्कॅन करून मोफत ऑनलाइन ठेवलेल्या आहेत. बुलिट परराष्ट्र खात्याला वळसा घालून थेट अध्यक्षांना लिहीत असे. राजदूताने असं करणं खात्याला आवडण्यासारखं नव्हतं, पण आपल्यासाठी ते मोलाचं आहे. तारेत न लिहिलेलं पत्रात सापडतं.

विल्सनच्या काळासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली विल्सनची कागदपत्रं ऑनलाइन आहेत. कर्नल हाउसची रोजनिशी येलनेच स्कॅन करून ठेवली आहे. बुलिट रशियाहून परतला त्या मार्चअखेरीच्या आणि एप्रिलच्या नोंदी या रोजनिशीत जरूर पाहा.

सरकारी तारा आणि अहवाल यांसाठी अमेरिकन परराष्ट्र खात्याची 'फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही खंडमाला आहे. 1861 पासून ती निघते आहे आणि खात्याच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावर वाचता येते. 1919 च्या रशियावर स्वतंत्र खंड आहे, 1933 ते 1939 च्या सोव्हिएत संघावरही आहे. त्यापलीकडच्या, न छापलेल्या तारा मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. परराष्ट्र खात्याच्या मुख्य फायली तिथे 59 क्रमांकाच्या गटात आणि वकिलातींच्या फायली 84 क्रमांकाच्या गटात लावल्या आहेत.

पत्रकार म्हणून त्याचं वातावरण कसं होतं हे कळायला जुनी वर्तमानपत्रं चाळा. 'पब्लिक लेजर'च्याच संस्थेतून निघणारं 'इव्हनिंग पब्लिक लेजर' हे सायंदैनिक 1914 ते 1922 पर्यंतचं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मोफत वृत्तपत्रसंग्रहात आहे. 'लाइफ'चे जुने अंक गूगल बुक्सवर पानापानाने पाहता येतात. ऑक्टोबर 1947 मधला चीनवरचा त्याचा लांबलचक वृत्तान्त तिथेच वाचा. प्रचारक म्हणून त्याची भाषा किती चढली होती, हे त्याच्या 1919 च्या अहवालाशेजारी ठेवून पाहिल्यावर कळतं. 1919 मध्ये रशियाशी बोलणी करा असं कळवळून सांगणारा माणूस 1947 मध्ये साम्यवादाविरुद्ध रणशिंग फुंकतो आहे. या दोन टोकांमध्ये काय घडलं, हा प्रश्न घेऊन मॉस्कोतल्या वर्षांची पत्रं वाचली तर वाचन आपोआप धारदार होतं.

पायरी 5 : एक रात्र, तीन साक्षीदार

सरावासाठी एक प्रसंग देतो. एप्रिल 1935. मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताच्या निवासस्थानी, स्पासो हाउसमध्ये, बुलिटने वसंतोत्सवाची मेजवानी दिली. दालनात बर्चची झाडं आणून लावली होती. पक्षी, कोकरं, अस्वलाची पिल्लं असा सरंजाम मॉस्कोच्या प्राणिसंग्रहालयातून आणला होता. पाहुण्यांत बोल्शेविक नेते बुखारिन आणि राडेक, मार्शल होऊ घातलेले लष्करी अधिकारी तुखाचेव्हस्की आणि येगोरोव्ह, आणि लेखक मिखाईल बुल्गाकोव्ह व त्यांची पत्नी येलेना होती. सैतानाच्या नृत्यसमारंभाचं बुल्गाकोव्हच्या कादंबरीतलं गाजलेलं प्रकरण या रात्रीवरून सुचलं, असं अभ्यासक मानतात.

या एका रात्रीचे तीन लिखित साक्षीदार आहेत. बुलिटने 1 मे 1935 ला रूझवेल्टला लिहिलेलं पत्र. मेजवानीची सगळी धावपळ ज्याने केली, त्या वकिलातीतल्या चार्ल्स थेयरच्या 1951 मध्ये छापलेल्या आठवणी. आणि येलेना बुल्गाकोव्हाची रोजनिशी.

बुलिटच्या पत्रात मेजवानी कमालीची यशस्वी झाली आहे. तो आपल्या वरिष्ठाला, मित्राला आणि आश्रयदात्याला लिहितो आहे; आपली मॉस्कोत किती वट आहे हे दाखवण्याची त्याला गरज आहे. थेयरच्या आठवणीत राडेकने अस्वलाच्या पिल्लाच्या दुधाच्या बाटलीत शॅम्पेन भरली आणि त्या पिल्लाने पुढे जनरल येगोरोव्हच्या गणवेशावर ओकारी काढली. ही गोष्ट सोळा वर्षांनी, रंगवून सांगण्याच्या हेतूने लिहिलेली आहे. येलेनाच्या नोंदीत कपड्यांची काळजी आहे. निमंत्रणात शिष्टाचाराचा पोशाख मागितला होता, नवऱ्याकडे काळा सूट होता, तोच त्याने घातला. ज्या घरात नाटकांवर बंदी आली आहे आणि पैशाची चणचण आहे, त्या घराच्या नजरेतून हा झगमगाट दिसतो.

तारखेचं पाहा. काही ठिकाणी 23 एप्रिल आहे, काही ठिकाणी 24. समारंभ रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालला, म्हणजे दोन्ही तारखा आपापल्या जागी बरोबर ठरतात. अशी विसंगती दिसली की 'कोणीतरी चुकलं' असं लगेच ठरवू नका. आधी ती का आली असेल ते पाहा.

आता तीन रकान्यांचा तक्ता करा. प्रत्येकाने काय पाहिलं, कोणासाठी लिहिलं, किती काळाने लिहिलं. तिघांत समान असलेल्या गोष्टी वेगळ्या रंगाने खुणवा. तुखाचेव्हस्की, येगोरोव्ह, बुखारिन आणि राडेक या चौघांपैकी एकही पुढच्या काही वर्षांतल्या स्तालिनच्या शुद्धीकरणातून, म्हणजे पक्ष आणि सैन्यातल्या माणसांच्या सफाईतून, वाचला नाही, हे माहीत असूनही तक्ता करताना ते बाजूला ठेवावं लागतं. त्या रात्री हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढचं माहीत असल्याचा भार मागच्या कागदावर टाकला की वाचन बिघडतं.

पायरी 6 : पत्रकाराची टिपणवही ओळखा

पत्रकारितेतून आलेला राजदूत संभाषण संपताच ते लिहून ठेवतो. अवतरणचिन्हांसकट. वाचणाऱ्याला वाटतं, आपण खोलीत बसून ऐकतो आहोत.

19 मे 1919 ला, राजीनाम्यानंतर दोनच दिवसांनी, बुलिट परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांच्याशी बोलला आणि त्याने त्या संभाषणाचं टिपण केलं. 12 सप्टेंबर 1919 ला सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे त्याची साक्ष झाली तेव्हा त्याने ते टिपण तिथे वाचून दाखवलं. पॅरिस परिषदेत ठरलेल्या व्हर्सायच्या तहातले बरेच भाग वाईट आहेत आणि तो अमेरिकन जनतेला नीट कळला तर नामंजूर होईल, असं खुद्द परराष्ट्रमंत्रीच खासगीत म्हणाले होते, हे त्यातून जगजाहीर झालं. तहाच्या विरोधकांच्या हाती कोलीत मिळालं.

ही साक्ष त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापली गेली आणि आज प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहे. नवशिक्यासाठी यापेक्षा सोपा पहिला पाठ नाही. वाचताना तीन प्रश्न समासात लिहा : हे टिपण केव्हा केलं? केलं तेव्हा ते कोणाला दाखवायचा विचार होता? आणि जेव्हा वापरलं तेव्हा लिहिणाऱ्याला त्यातून काय हवं होतं? बुलिट नुकताच दुखावलेला होता. म्हणून टिपण खोटं ठरत नाही. लॅन्सिंग यांची तहाबद्दलची नाराजी इतर कागदांतूनही दिसते. पण कोणतं वाक्य निवडून पुढे ठेवायचं, हे दुखावलेल्या माणसाने ठरवलं, इतकं लक्षात ठेवायचं.

पायरी 7 : छापील निवड हाती असली तरी मूळ पाहा

बुलिट आणि रूझवेल्ट यांच्या पत्रांची एक निवड बुलिटच्या भावाने, ऑर्व्हिलने, 1972 मध्ये प्रसिद्ध केली. मॉस्कोत बुलिटच्या हाताखाली काम केलेल्या जॉर्ज केननने तिला प्रस्तावना लिहिली. पुस्तक उत्तम आहे, सुरुवातीला तेच वाचा. पण भावाने केलेली निवड ही भावाने केलेली निवडच असते.

मूळ का पाहायचं याचा सर्वांत मोठा दाखला बुलिटच्याच खोक्यांत निघाला. 1930 मध्ये बुलिट आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी मिळून अध्यक्ष विल्सनच्या मनोविश्लेषणाचं पुस्तक लिहायला घेतलं. एप्रिल 1932 मध्ये हस्तलिखितावर दोघांच्या सह्या झाल्या. पण ते लगेच छापलं नाही. विल्सनची दुसरी पत्नी एडिथ 1961 च्या डिसेंबरपर्यंत हयात होती. पुस्तक बाहेर आलं 1966 च्या अखेरीस, म्हणजे फ्रॉइडच्या मृत्यूला सत्तावीस वर्षं झाल्यावर आणि बुलिटच्या शेवटच्या दिवसांत. फ्रॉइडच्या अनुयायांनी नाकं मुरडली. यात फ्रॉइडचा हात असा कितीसा, हे सगळं बुलिटचंच, असा निकाल बहुतेकांनी देऊन टाकला आणि पुस्तक बाजूला पडलं.

2014 मध्ये पॅट्रिक वेल या फ्रेंच अभ्यासकाला येलमधल्या या दप्तरात 1932 चं मूळ हस्तलिखित मिळालं. छापील पुस्तकाशी ताडून पाहिल्यावर शेकडो ठिकाणी बदल आणि गाळलेले भाग दिसले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक लोक एका पुस्तकावर वाद घालत होते आणि दोघांनी सह्या केलेला मजकूर ग्रंथालयातल्या खोक्यात होता. वेलचा यावरचा इंग्रजी ग्रंथ 2023 मध्ये आला. या शोधासाठी कोणत्याही गुप्त तळघरात शिरावं लागलं नाही. खोकं मागवून, फोल्डर उघडून, पान पानाशी लावून पाहावं लागलं.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. रियासतकार सरदेसाईंनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे 45 खंड काढले. त्यांच्याविना मराठ्यांचा इतिहास लिहिणं आज अशक्य आहे. तरी ते निवडक आहेत, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडून पाहणाऱ्याला खंडांबाहेरचं अजूनही सापडतं.

पायरी 8 : चौकशी, स्कॅन आणि प्रत्यक्ष भेट

ग्रंथालयाला ईमेल लिहिताना आपली पदवी आणि आपल्या आवडीचा इतिहास लिहू नका. पाच-सहा ओळी पुरतात : मी अमुक विषयावर वाचतो आहे, एमएस 112 मधला अमुक गट, अमुक खोकं, अमुक फोल्डर सूचीत पाहिला, त्यातली साधारण इतकी पानं लागतील, स्कॅन मिळतील का, खर्च किती, वेळ किती. खोकं आणि फोल्डर क्रमांक दिला की उत्तर लवकर येतं, कारण समोरच्या माणसाचं निम्मं काम तुम्ही केलेलं असतं. 'बुलिटबद्दल काय आहे ते पाठवा' असं लिहिलंत तर सूचीचा दुवा परत येईल, दुसरं काही नाही. अमेरिकेत शिकणारी भाची-पुतण्या असेल तर एखाद-दोन फोल्डरसाठी त्यांना गळ घाला, पण फोल्डर क्रमांक, हवी असलेली वर्षं आणि फोटो कसे काढायचे हे लिहून द्या.

स्वतः जाणार असाल तर खातं आधी उघडा आणि खोक्यांची मागणी काही दिवस आधी नोंदवा. काही खोकी मुख्य इमारतीत नसून शहराबाहेरच्या साठवणघरात असतात. वाचनकक्षात पिशवी, शाई, खाणं-पिणं बाहेर राहतं. पेन्सिल, लॅपटॉप, फ्लॅश बंद केलेला फोन चालतो. एका वेळी एक खोकं, खोक्यातून एक फोल्डर, आणि पानांचा क्रम जसा असेल तसाच. क्रम बिघडवणं हा अभिलेखागारातला खरा गुन्हा आहे. पत्राला लागून ठेवलेलं कात्रण त्या पत्राबरोबरच आलेलं असू शकतं, आणि ते हललं की तो पुरावा कायमचा गेला.

फोटो काढण्याची एक शिस्त ठेवा. प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो फोल्डरच्या पट्टीचा, ज्यावर खोकं आणि फोल्डर क्रमांक दिसेल. मग पानं, कोरी मागची बाजूही. कोरी वाटणारी बाजू पुष्कळदा कोरी नसते. त्याच संध्याकाळी फायलींना नावं द्या : दप्तर, खोकं, फोल्डर, पान.

पायरी 9 : हक्क आणि तळटीप

कागद ग्रंथालयाच्या मालकीचा असला तरी त्यावरच्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. बुलिटला आलेल्या पत्रांचा हक्क बुलिटकडे नव्हता. अमेरिकेत अप्रकाशित लेखनाला सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं संरक्षण आहे, म्हणजे बुलिटच्या न छापलेल्या खासगी लेखनाबाबत 2037 च्या अखेरपर्यंत. सरकारी पदावर असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या तारा आणि अहवाल मात्र मुक्त आहेत. दप्तर देताना देणगीदाराने हक्कांबद्दल वेगळं काही ठरवलेलं असू शकतं, म्हणून सूचीतली हक्कांची नोंद वाचा. अभ्यासासाठी चार ओळी उद्धृत करायला सहसा अडचण येत नाही. अख्खं पत्र छापायचं किंवा भाषांतरित करायचं असेल तर विचारा.

तळटिपेत क्रम असा : कोणी कोणाला लिहिलं, तारीख, दप्तराचं नाव, एमएस 112, गट, खोकं, फोल्डर, विभाग, ग्रंथालय. ऑनलाइन पाहिलं असेल तर तसं सांगा. तुमच्यामागून येणारा तोच कागद पाच मिनिटांत उघडू शकला पाहिजे.

पायरी 10 : पहिला विषय लहान घ्या

'बुलिट आणि सोव्हिएत संघ' हा विषय पहिल्या खेपेला घेऊ नका. एक आठवडा घ्या. मार्च 1919 मध्ये तो मॉस्कोहून परतला, लेनिनच्या बाजूने आलेल्या प्रस्तावाला उत्तर देण्याची मुदत 10 एप्रिलपर्यंत होती. त्यातला शेवटचा आठवडा निवडा. हाउसची रोजनिशी, विल्सनची कागदपत्रं, 1919 च्या रशियावरचा छापील खंड, सिनेटसमोरची साक्ष आणि येलच्या सूचीत त्या महिन्याचे जे फोल्डर असतील ते. पाचांपैकी चार साधनं घरबसल्या मिळतात. रोजच्या रोज कोणाच्या हाती कोणता कागद होता आणि कोणाला काय माहीत नव्हतं, एवढंच लिहा. दहा-बारा पानांचा चोख लेख होतो.

भारतातल्या दप्तरांवर हीच पद्धत वापरायची असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ उघडा. त्या अभिलेखागारात मुकुंदराव जयकरांची खासगी कागदपत्रं आहेत, आणि त्यांना आलेल्या पत्रांचा दुसरा अर्धा इतर नेत्यांच्या दप्तरांत विखुरलेला आहे. तीन मूर्ती भवनातल्या प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालयात खासगी दप्तरांचा देशातला फार मोठा साठा आहे. तिथे जाण्याआधी ओळखपत्र आणि संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र जवळ ठेवा, आणि दप्तरांच्या यादीत आधी ती अनोळखी नावं पाहा.